द्वारकाकाकीनं मोडलेला कौल

आमच्या कोरगावात उत्तर देणारा देव आहे, पण त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो. ते काम द्वारकाकाकीचं. तिला कुणी नेमलं नव्हतं, मानधन नव्हतं, आणि देवस्थानच्या महाजनांना विचाराल तर ते म्हणतील, असं काही पदच नाही. तरी वाड्यावरचा, म्हणजे आमच्या वस्तीतला, माणूस कौल घ्यायला निघाला, की देवळाची पायरी चढण्याआधी काकीच्या घराची पायरी चढायचा. दारापुढच्या दगडी सोप्यावर काकी बसलेली असायची. हातातलं काम न थांबवता, मान वर न करता ती म्हणायची, "सांग. काय इचारतलंस?"

कौल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचा बाबलो गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे पिटकुळीच्या कळ्या पाण्यानं चिकटवतो. मग तुमचं गाऱ्हाणं मोठ्यानं देवाला सांगतो, आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका कामाचा कौल एकदाच. मी जवळजवळ सगळी नोकरी पेडण्याच्या मामलेदार कचेरीत काढली. त्यामुळे हो की नाही एवढं स्पष्ट उत्तर जिथं मिळतं त्या जागेबद्दल मला आदर आहे. विश्वास म्हणाल तर तो माझा फारसा नाही. काकीला ते ठाऊक होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

शांताराम नावाचा आमचा एक शेजारी आहे. त्यानं घाईघाईत, काकीला न भेटता, विहिरीचा कौल घेतला. उजवा झाला. त्यानं खणायला माणसं लावली, चांगली खोल खणली, आणि खाली लागला काळा फत्तर. शांताराम तणतणत सोप्यावर आला. देवानं फसवलं म्हणाला. काकी तिसऱ्या साफ करत होती. शिंपलीचं तोंड विळीवर धरून ती म्हणाली, "तू काय इचारलंस?"

"विहीर खणू काय, म्हणान इचारलंय."

"मग खण म्हणालो तो. पाणी लागतलां काय, ह्या खंय इचारलंस?"

काकीनं शिंपली उघडली आणि पुढची घेतली. तेव्हापासून वाड्यावर कुणी घाई केली नाही. प्रश्न घेऊन यायचे, ती ऐकायची आणि "परत सांग" म्हणायची. दुसऱ्यांदा सांगताना माणसाच्या तोंडून हमखास वेगळंच काहीतरी बाहेर पडे. जमीन विकू का म्हणून आलेला माणूस भावाबद्दल बोलायला लागे. काकी त्यातला फापटपसारा काढून टाकायची आणि एक सरळ वाक्य त्याच्या हातात द्यायची. ते घेऊन तो देवळात जायचा.

दिसायला काही विशेष नव्हती. बुटकी, काळीसावळी, गुडघ्यांनी जेरीस आलेली. नवरा डिचोलीकडे खाणीवर होता, तो तरुणपणीच गेला. त्यानंतर काजूच्या बागायतीवर आणि थोड्या भातशेतीवर तिनं मुलगी आणि मुलगा वाढवले. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून यायचा, त्याचा उंडो ती हातात घेऊन दाबून बघायची, नाक मुरडायची आणि तरी घ्यायची. कोऱ्या चहात तो बुडवून खाणं हे तिचं एकमेव व्यसन. खुर्चीवर मात्र ती कधी बसली नाही. आमच्या घरी आली की मी कदेल पुढं करायचो आणि ती जमिनीवर बसायची. "कदेलीर बसल्यार पाय लोंबतत," ती म्हणायची, "आनी पाय लोंबले की अक्कल लोंबता." एवढी वर्षं मी कदेलीवर बसून सरकारी कागद लिहिले, तेव्हा यावर मी काही बोलण्यात अर्थ नव्हता.

देवाला कशातही ओढायचं, हेही तिला चालत नसे. माझी बदली एकदा डिचोलीला झाली. रोज पेडण्याहून डिचोलीला जायचं म्हणजे दोन बसगाड्या आणि दिवसभराची दमछाक. माझी आई हटून बसली, कौल लावूया. मला घेऊन ती काकीकडे गेली. काकीनं माझ्याकडे बघितलं.

"भास्करा, तुका जावचां आसा काय डिचोलीक?"

"नाय."

"मग तां तुझ्या सायबाक सांग. देवाची सही चलता काय तुझ्या कचेरीत?"

मी साहेबाला सांगितलं. बदली रद्द झाली नाही, पण आईचं समाधान झालं, कारण काकी बोलली होती.

मात्र एकदा कौल घेतला की काकीला पुढं फाटे फोडलेले खपत नसत. डावा तो डावा. हे ती दुसऱ्यांनाच सांगायची असं नाही. तिच्या नंदाला, म्हणजे मुलीला, पणजीत नोकरी करणारा एक मुलगा सांगून आला होता. माणसं चांगली, मुलगा निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे नंदाला तो आवडला होता. तिनं तसं आईला सांगितलंही होतं, आणि त्या काळी मुलीनं एवढं सांगणं म्हणजे पुष्कळ झालं. काकीनं कौल घेतला. प्रश्न तिनंच बांधलेला, त्यात खोट काढायला जागा नाही. डावी कळी पडली. घरी येऊन काकीनं पाय धुतले आणि नकार कळवून टाकला. पुढं नंदा डिचोलीजवळ मयेला दिली. जावई ट्रकवाला, खाणी चालू होत्या तोवर घरात भरभराट होती. खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला, तो उभाच. पणजीचा मुलगा नंतर मोठा अधिकारी झाला. नंदा माहेरी यायची, चार दिवस राहायची, हसायची, बोलायची. पण आईच्या शेजारी सोप्यावर बसायची नाही. समोरच्या पायरीवर बसायची.

काकीचा मुलगा गुरुदास वीजखात्यात लाईनमन आहे. माणूस गरीब स्वभावाचा. खांबावर चढायला घाबरत नाही, पण जमिनीवर प्रत्येक गोष्टीला घाबरतो. त्याची बायको सुप्रभा बांद्याची, म्हणजे सरहद्दीपलीकडची. गणितात बी.एस्सी. झालेली. लग्न झालं, मुलगी झाली, आणि गणित सुटलं. अगदीच सुटलं असं नाही. वाड्यावरची दहावी-बारावीची मुलं संध्याकाळी तिच्याकडे यायची. सोप्याच्या एका टोकाला काकीपुढं देवाचे प्रश्न, दुसऱ्या टोकाला सुप्रभापुढं बीजगणिताचे. काकी कधीकधी काम थांबवून ते ऐकायची. एकदा मला म्हणाली, "ही पण माझ्यासारखीच रे. आधी प्रश्न नीट लिव म्हणता पोरांक." असं ती कुणाचं कौतुक करत नसे.

मुलगी अंगणवाडीत जायला लागली तसं सुप्रभानं एम.एस्सी.चं मनावर घेतलं. विद्यापीठाचा अर्ज हल्ली घरबसल्या भरता येतो म्हणतात. पण कोरगावात घरबसल्या मोबाईलला रेंज मिळेल तर ना. माझ्याकडे जुना संगणक आणि स्कॅनर होता, म्हणून ती आमच्याकडे आली. दाखले, गुणपत्रिका, रहिवासाचा कागद, सगळं नीट लावून आणलं होतं. कचेरीत एवढे अर्ज पाहिले मी, इतके स्वच्छ कागद क्वचित पाहिले. घरात लपवाछपवी नव्हती. गुरुदासला माहीत होतं. त्याला वाटलं असावं, परीक्षा आहे, बघू, कुठं लागायचंय नाव. प्रवेशपरीक्षा तिनं दिली आणि यादीत नाव लागलं. अमुक दिवशी मूळ कागदपत्रं घेऊन या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असा निरोप आला.

आता मात्र गुरुदासचं धाबं दणाणलं. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तिथून पुढं विद्यापीठ. सकाळी घर सोडायचं ते दिवेलागणीला परत. पोरीला कोण बघणार, जेवणाचं काय, लोक काय म्हणतील. यातलं एकही वाक्य तो बायकोसमोर बोलला नाही. तो गेला देवळात. एकटाच, आईला न विचारता. परत आला आणि अंगणातूनच म्हणाला, "कौल डावो जालो."

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी सोप्यावर गेलो तेव्हा काकी त्याची उलटतपासणी घेत होती.

"काय इचारलंस तां सांग."

"सुप्रभा शिकाक गेली तर घराचां बरां जातलां काय."

"घराचां बरां." काकीनं ते दोन शब्द तोंडात घोळवले. "तुझां बरां, तिचां बरां, तुमच्या चेडवाचां बरां, सगळां एका सुतळेन बांधलंस आनी देवाच्या फुडें टाकलंस. तेणां खंयचां सोडवचां?"

गुरुदास खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "पण आये, डावो तो डावो ना?"

आयुष्यभर तिनंच हे सांगितलं होतं.

वाड्यावर बातमी पसरली आणि सगळे काकीकडे डोळे लावून बसले. काकी यातून वाट काढणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. एका कामाचा कौल दोनदा घेता येत नाही खरा, पण काम वेगळं म्हणून मांडता येतं. लोकांनी आपापल्या परीनं सुचवायला सुरुवात केली. शिकण्याला नको म्हणाला ना देव, मग नोकरीचं विचारा. सुनेचं नको, नातीच्या भविष्याचं विचारा. शांताराम तर म्हणाला, पुढच्या वर्षीचं विचार आणि यंदाच पाठव. मलाही वाटत होतं की काकीच्या डोक्यात एखादं वाक्य तयार होत असेल. कागदपत्रं दाखवायचा दिवस जवळ येत होता. सुप्रभा त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

दोन-तीन दिवसांनी काकी स्वतः आमच्या घरी आली. जमिनीवर बसली, गुडघे चोळले. माझी बायको चहा ठेवायला आत गेली तेव्हा म्हणाली, "काल आमटेत करटेचे कूस गावले."

मला कळेना. करवंटीचे तुकडे आमटीत येतात कसे?

"ती नारळ खवत होती. खोबरां सोंपलां, तरी खवत रवली. करटी खवली तिणां. वळखलांच नाय तिका. रडली आसती तर मी समजायली आसती. ती रडाक नाय रे भास्करा. माका तां बघवना."

मी म्हणालो, मग काढ की काहीतरी वाट. तुला काय अशक्य आहे.

"वाटो आसत. तीन-चार तरी माका म्हायत आसत. पण ती लबाडी. देवाक नको म्हणूक येता, फसवूक येना." मग चहा आला. उंडो नव्हता म्हणून बायकोनं बिस्किटं दिली, ती तिनं बाजूला ठेवली. उठताना म्हणाली, "फाल्यां सकाळी तुझी गाडी घेवन ये. माका देवळात व्हर."

दुसऱ्या दिवशी मी तिला नेलं. सोमवार नव्हता, सण नव्हता, देऊळ मोकळं. बाबलो गुरवानं तिला बघितलं आणि सवयीनं कळ्यांचं ताट पुढं ओढलं. ओल्या बोटांनी पहिली कळी लावायला तो वळला तेव्हा काकी म्हणाली, "कळये नको लावू, बाबल्या."

बाबलो कळी हातात धरून उभा राहिला. काकीनं पदर खांद्यावरून पुढं घेतला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. एरवी हे काम गुरवाचं. तिचा आवाज मोठा नव्हता. गावकीच्या कामाची माहिती द्यावी तशी ती बोलत होती.

"बा देवा म्हाराजा, माझ्या झिलान तुका इचारलां. तू नको म्हणालंस. तां माका समाजलां. पण सून जातली. मी धाडतंय तिका. दोष लागलो तर माका लावन घे. झिलाक नको, सुनेक नको, चेडवाक नको. आनी आजपासून मी माझ्यासाठी तुका काय इचारूचंय नाय."

आमच्याकडे गाऱ्हाणं संपलं की जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. तिथं म्हणायला मी आणि बाबलो एवढेच होतो. आम्ही दोघंही तोंडात मूग धरून उभे राहिलो. काकीनं थोडी वाट बघितली, मग खांबाला धरून वळली आणि गाडीत येऊन बसली. मला म्हणाली, "चल. सांजपर्यंत तिका कागद काढूक सांगूक होये."

गुरुदासनं हे ऐकलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही. आईशी तो वर्षभराहून जास्त बोलला नाही. बायकोला मात्र त्यानं अडवलं नाही. आईनं सगळं आपल्यावर घेतलं होतं, आता अडवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

सुप्रभाला कागद दाखवायला मी विद्यापीठात नेलं तेव्हा काकीही आली. मी तिला म्हटलं, तुझं तिथं काय काम, गुडघे दुखतील. ती म्हणाली, "जागो बघून येतंय." पठारावरची ती लांबलचक इमारत, पोरापोरींची ये-जा, सगळं तिनं गाडीतून उतरताना एकदा पाहून घेतलं. मग ती कार्यालयाबाहेरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली. कागद तपासणारी बाई तरुण होती, बोलायला चांगली. सुप्रभाच्या शिक्षणात मध्ये काही वर्षांचा खंड होता, त्याचं कारण लिहून हवं होतं. "खंड कशामुळे पडला?" बाईनं दारातून विचारलं. सुप्रभा शब्द जुळवत होती, तेवढ्यात खालून काकी म्हणाली, "लगीन केलां गो आमी तिचां. लिव तसां."

त्या बाईला हसू आवरेना. सुप्रभाही हसली, पुष्कळ दिवसांनी. तसं लिहिलं, सही झाली, प्रवेश मिळाला. परत येताना म्हापशाला मी चहासाठी गाडी थांबवली. काकीनं पांव मागवला, दाबून बघितला, नाक मुरडलं आणि खाल्ला.

पण खरी गोष्ट पुढंच होती. महिन्याभरानं नंदा मयेहून आली. कुणीतरी तिला सगळं सांगितलं होतं. मी सोप्यावरच होतो, उठून जायला निघालो तर काकीनं हातानं बस म्हणून खुणावलं. नंदा अंगणात उभी राहूनच बोलली.

"माझ्या वेळार डावो तो डावो. आनी हिच्या वेळार?"

मला वाटलं काकी समजूत घालेल, दोन प्रश्नांतला फरक सांगेल. तिला ते सहज जमलं असतं.

"तुझ्या वेळार मी भियालंय," ती म्हणाली. "घरात पुरुष नाय, दोन पोरां पदरात. देवाक मोडूचो धीर नासलो माका. तुझो राग आसा तो बरोबर आसा गो."

नंदा रडली. ती इतकी वर्षं रडायची राहिली होती, असं मला वाटलं. काकी उठून तिच्यापाशी गेली नाही. गुडघ्यांमुळे तिला पटकन उठता येत नसे, आणि उठता आलं असतं तरी ती गेली असती का, सांगता येत नाही. नंदा जेवायला थांबली. आमटी-भात जेवली, आईच्या हातचं लोणचं बांधून घेतलं आणि शेवटच्या बसनं मयेला गेली. नंतर ती यायची तेव्हाही पायरीवरच बसायची. एका बोलण्यानं सगळं निवळतं असं मी तरी कुठं पाहिलेलं नाही.

काकीनं दिलेला शब्द पाळला. दुसऱ्यांसाठी प्रश्न ती बांधून द्यायची, पूर्वीसारखीच, "परत सांग" म्हणून. स्वतःच्या घरासाठी मात्र एकदाही कौल लावला नाही. भाताला कधी हात घालायचा, गाय विकायची की ठेवायची, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, सगळं तिनं आपल्या मनानं ठरवलं. ऑपरेशन केलं नाही. देवळातही आत जायची नाही. जत्रेत देवाची पालखी दारोदार फिरते, ती दारात आली की सुप्रभा आरती घेऊन पुढं व्हायची आणि काकी आतल्या खोलीत जनेलाच्या गजांना धरून उभी राहायची.

सुप्रभाच्या दुसऱ्या वर्षी गुरुदास पडला. खांबावरून नव्हे, मोटारसायकलवरून. विमानतळाकडं जाणाऱ्या नव्या रस्त्यावर गाय आडवी आली. हात मोडला, प्लास्टर घालून घरी आला. वाड्यावरचे लोक बघायला आले, हाताकडे बघून झालं की काकीकडे बघायचे. कुणी बोललं नाही, पण कोरगावात न बोलता पुष्कळ सांगता येतं. सुप्रभानं तर पुस्तकं गुंडाळून ठेवली. मी नाही जात आता, म्हणाली.

काकी तिला म्हणाली, "गाय वाटेर उबी रवली ती तुझ्या गणिताखातर नाय. जा तू."

ती गेली. तिच्या पाठोपाठ मीही निघालो, तर काकीनं मला थांबवलं. गुरुदास आत झोपला होता. ती आवाज बारीक करून म्हणाली, "भय वाटता रे माका. तो खांबार चडाक गेलो की रोज वाटता. दोष माझ्या नावार घेतलोय, पण देवान तां ऐकलां काय नाय, माका काय म्हायत? इचारूक पण येना आता."

मी तिला म्हणालो, काकी, असं काही नसतं. ती माझ्याकडे बघून हसली. "तुका बरां आसा," म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेवढ्या वेळेपुरता मला माझ्या अविश्वासाचा काहीच उपयोग वाटला नाही.

त्यानंतर मला कळायला लागलं की संध्याकाळी ती सोप्यावर का बसून असायची. प्रश्न विचारणारे लोक गेलेले असायचे, विळी आत ठेवलेली असायची, तरी ती बसलेली. गुरुदासच्या मोटारसायकलचा आवाज वळणावर आला की ती उठायची. दोन वर्षं तिनं असं काढलं, आणि त्या दोन वर्षांत तिचे केस पार पांढरे झाले. हात बरा झाल्यावर गुरुदास तिच्याशी पुन्हा बोलायला लागला. पहिलं काय बोलला ते मी ऐकलं. "आये, चाय घेतलंस काय?" एवढंच.

सुप्रभा पहिल्या वर्गात पास झाली. पेडण्याच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात तिला गणित शिकवायला घेतलं, आधी कंत्राटावर. पहिल्या दिवशी ती साडी नेसून निघाली तेव्हा गुरुदास तिला स्वतःच्या मोटारसायकलवरून बसथांब्यापर्यंत सोडायला गेला. काकीनं नातीची वेणी घालणं चालू ठेवलं.

काकी गेली ती पुढच्या वर्षी, चतुर्थीच्या आधी. फार आजारी पडली नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती येते ती त्याआधीच्या जत्रेतली.

पालखी आमच्या वाड्यावर आली तेव्हा ऊन चढलं होतं. ढोल, ताशा, पुढं बाबलो, मागं भोई घामानं भिजलेले. काकीच्या दारात पालखी टेकली. सुप्रभानं आरती केली, गुरुदासनं नारळ ठेवला. घराघरातून जसं घडतं तसं बाबलोनं हात जोडले आणि घरवाल्यांना विचारलं, देवाला काय गाऱ्हाणं आहे. तेव्हा आतून काकी बाहेर आली. इतक्या वर्षांत प्रथमच. ढोल वाजवणाऱ्यानं कुणी न सांगता हात थांबवला. गुरुदासच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

काकी दाराची चौकट धरून उंबऱ्यात उभी राहिली. हात जोडलेले नव्हते, एक चौकटीवर आणि एक गुडघ्यावर. पालखीकडे बघून म्हणाली, "देवा म्हाराजा, सून शिकली."

बाबलो पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. आम्हीही राहिलो. काकीच्या तोंडून प्रश्न यायचा, ही त्याला आणि आम्हाला सगळ्यांना जन्माची सवय.

"आनी काय काकी?" बाबलोनं विचारलं.

"काय नाय. तितकांच सांगूचां होतां." तिनं भोयांकडे बघितलं. "उचला रे, फुडें व्हरा. उन्हांत उबे आसत ते."